टेस्टमध्ये क्लोरीन दिसतोय, मग पूल हिरवा का?

या आठवड्याचा एपिसोड ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, किंवा ज्यांचे इयरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना मी जिथे जिथे "म्हणजे बघा ना" म्हणालो होतो ते बरंचसं कापलंय. थोडं राहिलं असेल तर चालवून घ्या.

विषय जरा श्रीमंती वाटेल. घरचा स्विमिंग पूल. "आपल्याकडे कुठे पूल?" असं म्हणून स्क्रोल करू नका, कारण कर्जत, लोणावळा, अलिबाग किंवा गोव्याला आठ-दहा जण मिळून जो 'प्रायव्हेट पूलवाला' व्हिला तुम्ही बुक करता, तो घरचाच पूल असतो. सोसायटीच्या किंवा क्लबच्या पूलवर निदान एखादा ऑपरेटर आणि एक वही तरी असते. व्हिलाच्या पूलवर बहुतेक वेळा एक केअरटेकर, एक पांढरी बादली आणि "रोज एवढं टाकायचं" एवढीच माहिती असते.

तर झालं असं, की एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. थोडक्यात सांगतो: "दादा, कर्जतजवळ आमचं फार्महाऊस आहे. बाबांनी शनिवार-रविवार भाड्याने द्यायला सुरुवात केलीय. पूल बघायला येणारे काका रोज पावडर टाकतात. बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन आहे. तरी सोमवारी भिंती बुळबुळीत आणि पाणी हिरवट. काका म्हणतात पावडर वाढवा. वाढवली, तरी तेच. मागच्या आठवड्यात पाहुण्यांच्या लहान मुलीचे डोळे लाल झाले. आईने बाबांना विचारलं, पाणी नक्की चांगलं आहे ना? बाबांना उत्तर देता आलं नाही."

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि उत्तर त्या पावडरमध्येच आहे.

मी त्याला पहिली गोष्ट करायला सांगितली ती म्हणजे पावडरच्या डब्याचा फोटो काढायला. डब्यावर मोठ्या अक्षरात 'पूल क्लोरीन' आणि खाली बारीक अक्षरात 'टीसीसीए 90' होतं. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक अ‍ॅसिड. आपल्याकडच्या खासगी पूलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी वस्तू हीच. पावडर, दाणे किंवा पांढऱ्या वड्या अशा कुठल्याही रूपात मिळते. 90 म्हणजे त्यात उपलब्ध क्लोरीन नव्वद टक्के. स्वस्त पडते, टिकते, कमी लागते. मग घोळ कुठे? घोळ नावाच्या उत्तरार्धात आहे, 'आयसोसायन्युरिक' मध्ये.

आधी ऊन समजून घेऊ. क्लोरीनला ऊन सहन होत नाही. उघड्या पूलमध्ये नुसता साधा क्लोरीन टाकला आणि वर दुपारचं कडक ऊन असेल, तर अर्ध्या-पाऊण तासात निम्मा क्लोरीन उडून जातो. सकाळी नऊला टाकलेला दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत जवळजवळ संपलेला असतो. म्हणून पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड टाकतात. पूलवाल्यांच्या भाषेत हाच 'स्टॅबिलायझर' किंवा 'कंडिशनर'. हे रसायन क्लोरीनला स्वतःशी सैल बांधून ठेवतं. बांधलेल्या क्लोरीनला ऊन फारसं काही करू शकत नाही. लिटरमागे तीस मिलिग्रॅम स्टॅबिलायझर असला तरी क्लोरीन काही तासांच्या हिशोबात टिकतो. (लिटरमागे एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम. पुढे मी पीपीएमच म्हणणार आहे.)

आता याची दुसरी बाजू. जंतू आणि शेवाळ मारायचं काम करतो तो मोकळा हायपोक्लोरस अ‍ॅसिड. बांधलेला क्लोरीन त्या कामाचा जवळजवळ नाही. बँकेतली शिल्लक आणि खिशातली रोकड, असं समजा. रिक्षावाल्याला द्यायला खिशातलेच पैसे लागतात. खिसा रिकामा झाला की बँकेतून थोडे येतात, पण एका वेळी खिशात किती राहतील हे बँकेच्या नियमावर ठरतं. इथे तो नियम स्टॅबिलायझर ठरवतो. 30 पीपीएम स्टॅबिलायझर असलेल्या पाण्यात शंभरातला पंच्याण्णवहून जास्त क्लोरीन बांधलेला असतो, आणि तेवढ्यावर पूल मस्त चालतो. पण स्टॅबिलायझर वाढत गेला आणि क्लोरीन तेवढाच ठेवला, तर खिशातली रोकड त्याच प्रमाणात आटत जाते. 150 वर गेलात की रोकड साधारण पाचव्या हिश्श्यावर. टेस्ट मात्र दोन्ही वेळा तोच आकडा दाखवते, कारण टेस्टला बँक आणि खिसा वेगळे दिसतच नाहीत. हिरव्या पूलचं रहस्य एवढंच आहे.

हे मी आज शोधून काढलेलं नाही हं. 1974 मध्ये ओब्रायन, मॉरिस आणि बटलर या तिघांनी या सगळ्या समतोलाचे आकडे मोजून मांडले होते. पन्नास वर्षं झाली. पण डब्याच्या लेबलवर अजून "क्लोरीन 1 ते 3 पीपीएम ठेवा" एवढंच लिहिलेलं असतं, जणू स्टॅबिलायझरचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मला खरंच खटकतं. औषधाच्या बाटलीवर डोस लिहायचा आणि वजनाचा उल्लेखच करायचा नाही, त्यातला प्रकार.

आता टीसीसीएकडे परत. त्याच्या एका रेणूत तीन क्लोरीन एका सायन्युरिकच्या पाठीवर बसलेले असतात. क्लोरीन उतरून काम करतो आणि संपतो. पाठ तिथेच पाण्यात राहते. हिशोब सोपा आहे: टीसीसीएने 10 पीपीएम क्लोरीन टाकलात की सोबत 6 पीपीएम स्टॅबिलायझर टाकलात. डायक्लोर नावाचे दाणे मिळतात, त्यात हेच प्रमाण 9 आहे.

या श्रोत्याचा पूल 8 बाय 4 मीटर, सरासरी खोली सव्वा मीटर. म्हणजे 40 घनमीटर, 40 हजार लिटर. इथे 1 पीपीएम म्हणजे बरोबर 40 ग्रॅम. कर्जतच्या उन्हात रोज अडीच पीपीएम क्लोरीन लागतो असं धरा, म्हणजे 100 ग्रॅम. टीसीसीएची साधारण 110 ग्रॅम पावडर. काका अगदी एवढीच टाकतात, त्यांची काहीच चूक नाही. पण त्याच पावडरमुळे स्टॅबिलायझर रोज दीड पीपीएम वाढतो. महिन्याला 45. बॅकवॉशमध्ये गेलेलं आणि पोरांनी उड्या मारून बाहेर उडवलेलं पाणी वजा केलं, तरी तीन महिन्यांत शंभरी गाठली जाते. आणि लक्षात घ्या, बाष्पीभवनाने स्टॅबिलायझर जात नाही. पाणी वाफ होऊन जातं, तो मागे राहतो. उन्हाने तुटत नाही, गाळणीत अडकत नाही.

आमच्या धंद्यात याला मेमरी लीक म्हणतात. प्रोग्रॅम पहिल्या दिवशी झकास चालतो, दुसऱ्या दिवशी झकास, आणि चाळीसाव्या दिवशी सर्व्हर लटकतो. कोड तर कुणी बदललेला नसतो, मग सगळे एकमेकांकडे बघत बसतात. पूल पण असाच. "गेल्या वर्षी हीच पावडर टाकत होतो, तेव्हा काही झालं नाही" हे वाक्य हमखास ऐकू येतं. झालं नव्हतं, कारण तेव्हा पूल नवा होता.

मोजायचं कसं?

काकांची पिवळ्या रंगाची टेस्ट म्हणजे ओटी, ऑर्थोटोलिडीन. स्वस्त आहे, सगळीकडे मिळते. पण ती एकूण क्लोरीन दाखवते. कामाचा क्लोरीन आणि घाम-लघवीशी जोडला जाऊन खराब झालेला क्लोरीन, दोन्ही एकाच पिवळ्या रंगात. त्यापेक्षा डीपीडीची टेस्ट घ्या, तिचा रंग गुलाबी येतो. पहिल्या गोळीने मोकळा क्लोरीन कळतो, पुढच्या गोळीने एकूण. दोन्हींतला फरक म्हणजे खराब झालेला, म्हणजे क्लोरामाइन. तो अर्ध्या पीपीएमच्या वर असेल तर पाणी थकलंय. एक सावधगिरी: क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि बाटली स्वच्छ दिसते. ते बघून "शून्य आहे, टाका अजून" करू नका. पूलच्या पाण्यात साधं पाणी मिसळून परत बघा.

आणि हो, त्या मुलीचे लाल डोळे. पूलचा तो ओळखीचा 'क्लोरीनचा वास' आणि डोळ्यांची जळजळ बहुतेक वेळा क्लोरामाइनमुळे असते. म्हणजे वास येणारा पूल हा जास्त क्लोरीनचा नसून कमी पडलेल्या क्लोरीनचा असण्याची शक्यता जास्त. पीएच बिघडला असेल तरी डोळे चुरचुरतात. तो 7.2 ते 7.8 मध्ये हवा. टीसीसीए स्वतः चांगलाच आम्लधर्मी आहे, रोज टाकत राहिलात तर पीएच खाली घसरत जातो.

स्टॅबिलायझरची टेस्ट मजेशीर आहे. पूलचं पाणी आणि मेलामाइनचं द्रावण एकत्र हलवलं की पाणी दुधाळ होतं. जितका स्टॅबिलायझर जास्त तितकं जास्त दुधाळ. तळाला काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतत वरून बघायचं, आणि ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. नळीवरचा आकडा म्हणजे स्टॅबिलायझर. ही टेस्ट दिवसा, उघड्यावर, सूर्याकडे पाठ करून करा. ट्यूबलाइटखाली केलीत तर आकडा काहीही येईल. ठिपक्याकडे डोळे फाडून बघत बसू नका, नजर टाका आणि काढा. स्ट्रिप्सही मिळतात, पण स्टॅबिलायझरच्या बाबतीत माझा स्ट्रिप्सवर विश्वास नाही. 50 आणि 100 या दोन रंगांत फरक करताना घरातल्या तिघांची तीन मतं होतात.

नळी साधारण शंभरापर्यंतच दाखवते. ठिपका लगेच गायब झाला तर समजा शंभराच्या वर आहे. मग अर्धं पूलचं आणि अर्धं पिण्याचं पाणी मिसळून तीच टेस्ट करा आणि उत्तर दुप्पट करा. श्रोत्याने केली. मिसळलेल्या पाण्यात 80 आलं. म्हणजे पूलमध्ये 160.

आता हिशोब बघा. जगभर स्वतःचा पूल स्वतः सांभाळणारे लोक एक ढोबळ नियम वापरतात: मोकळा क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवा. त्याच्या खाली गेलात की शेवाळ जिंकतं. 30 ला साधारण सव्वादोन, 50 ला जवळपास चार, 100 ला साडेसात. आणि 160 ला? 12 पीपीएम. त्यांच्या पूलमध्ये होता 3. म्हणजे टेस्ट 'ओके' म्हणत होती आणि पूल चौथ्या हिश्श्यावर चालत होता. अमेरिकेच्या सीडीसीचा घरच्या पूलसाठीचा सल्ला याहून सोपा आहे: साधा पूल असेल तर किमान 1 पीपीएम, स्टॅबिलायझर असेल तर किमान 2. पण तो किमान आकडा आहे. त्यात 30 आणि 160 मधला फरक पकडला जात नाही.

मग "क्लोरीनच 12 ठेवूया" का नाही? ठेवता येतो, पण कशाने? टीसीसीएनेच वाढवलात तर स्टॅबिलायझर पण वाढणार आणि लक्ष्य पुढे सरकणार. पगारवाढ झाली की लगेच भाडं वाढवणाऱ्या घरमालकासारखं. शिवाय एकदा शेवाळ धरलं की ते साफ करायला स्टॅबिलायझरच्या साधारण चाळीस टक्के क्लोरीन लागतो. 160 ला 64 पीपीएम. त्यांच्या पूलमध्ये दहा टक्के ताकदीच्या लिक्विड क्लोरीनचे 25 लिटर, ते पण फक्त पहिल्या डोसला. स्टॅबिलायझर 40 असता तर 16 पीपीएम, म्हणजे साडेसहा लिटरच्या आत काम. त्यामुळे आधी स्टॅबिलायझर खाली आणायचा, मग शेवाळाशी भांडायचं.

खाली आणायचा एकच भरवशाचा मार्ग: पाणी काढा, नवीन भरा. अर्धं बदललं की निम्मा होतो, तीन चतुर्थांश बदललं की पाव. इथे 160 वरून 40. म्हणजे 30 हजार लिटर, दहा हजारी टँकरचे तीन. आता हे लिहितोय मे महिन्यात. कर्जत-मुरबाडकडच्या वाड्यांमध्ये याच महिन्यात बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या असतात, तेव्हा तीन टँकर पूलमध्ये ओतायला सांगताना मला बरं वाटत नाही. म्हणून त्याला दोन पर्याय दिले. एक, आत्ता अर्धंच बदल, 80 वर आण, लिक्विड क्लोरीनने मोकळा क्लोरीन 6 च्या वर टिकव आणि पावसाची वाट बघ. दोन, बुकिंग नसतील तर पूल तीन आठवडे बंद ठेव. पावसाळ्यात निसर्ग हे काम फुकटात करतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडलाय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. म्हणजे चार मीटर. सव्वा मीटर खोल पूलवर चार मीटर पाणी! या मापाच्या पूलमध्ये सव्वा लाख लिटरच्या वर पाणी आकाशातून येतं आणि तेवढंच काठावरून वाहून जातं. पाणी नीट मिसळत राहिलं असं धरून गणित केलं तर 160 चा स्टॅबिलायझर दसऱ्यापर्यंत दहाच्या खाली यायला हवा. प्रत्यक्षात पावसाचं पाणी वरच्या वर वाहून जातं, म्हणून इतका पूर्ण जात नाही. पंप रोज थोडा वेळ चालू ठेवला तर बराच जातो. पुण्यात मात्र वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे हेच गणित केलं तर 100 चे जेमतेम 57 होतात. म्हणून घाटावरच्या आणि घाटमाथ्याच्या पूलवाल्यांचे सल्ले एकमेकांना लागू पडत नाहीत. एकाचा पूल दरवर्षी आपोआप 'रीस्टार्ट' होतो, दुसऱ्याचा होत नाही.

पावसाळ्याबद्दल एक गंभीर सूचना. भर पावसात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीत पाणी भरलेलं असतं, ते खालून पूलच्या टाकीला वर ढकलतं. आतल्या पाण्याचं वजन नसेल तर फरशी फुगते, भेगा पडतात, फायबरचा पूल तर अख्खा उचलला जाऊ शकतो. रिकामा करायचाच असेल तर कोरड्या महिन्यांत, आणि तेव्हाही शक्यतो टप्प्याटप्प्याने.

पाऊस संपल्यावर उलटा प्रश्न उभा राहतो. स्टॅबिलायझर जवळपास शून्य आणि वर ऑक्टोबर हीट. टाकलेला क्लोरीन दुपारपर्यंत गायब. आता इथे टीसीसीए हिरो आहे! ऑक्टोबरमध्ये तीच पावडर वापरा. रोज दीड पीपीएमच्या हिशोबाने वीसेक दिवसांत स्टॅबिलायझर तिशीवर येतो. मोजा, 30 ते 40 झाला की टीसीसीए बंद आणि लिक्विड क्लोरीन सुरू. या पूलमध्ये दहा टक्के लिक्विड रोज एक लिटर म्हणजे बरोबर अडीच पीपीएम. लक्षात ठेवायला पण सोपं. ते फक्त क्लोरीन देतं, मागे थोडं मीठ सोडतं, बाकी काही नाही. त्याचा तोटा म्हणजे उन्हात ठेवलेल्या कॅनची ताकद आठवड्यागणिक उतरते. सावलीत ठेवा, थोडंथोडं आणा, सहा महिन्यांचा साठा करू नका.

ज्यांना टीसीसीए नकोच, त्यांनी नुसता स्टॅबिलायझर आणायचा. 40 हजार लिटरला 30 पीपीएमसाठी सव्वा किलोच्या आसपास. जुन्या मोज्यात भरून, गाठ मारून, पाणी आत येतं त्या तोंडासमोर लटकवायचा आणि अधूनमधून दाबायचा. हा फार हळू विरघळतो. दुसऱ्या दिवशी टेस्ट करून "काहीच झालं नाही" म्हणत आणखी सव्वा किलो टाकू नका, आठवडाभर थांबा. पूल बंदिस्त असेल, वर ऊनच येत नसेल, तर स्टॅबिलायझरची गरजच नाही. जकुझीत तर टाकूच नका. मिठावर चालणाऱ्या यंत्राच्या पूलला मात्र लागतो, उलट थोडा जास्तच. "आमचा सॉल्ट पूल आहे, क्लोरीन नाही" म्हणणाऱ्यांना प्रेमाने सांगा की ते यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं.

कोणी विचारेल, ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर चालेल का? टीसीएल आणि टीसीसीए, नावं सारखी पण वस्तू वेगळ्या. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. क्लोरीन तिशीच्या आसपास टक्के, बाकी बराच चुना. विहिरीला ठीक, पण पूल गढूळ होतो. तिचा ताकदवान भाऊ म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट, 65 ते 70 टक्क्यांचा. त्यात स्टॅबिलायझर नसतो, पण प्रत्येक डोसबरोबर पाण्याचा कठीणपणा वाढतो. बोअरवेलचं पाणी आधीच कठीण असेल तर टाइल्सवर पांढरे थर चढतात. म्हणून मी लिक्विडच्या बाजूने.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, हे विनोदाने घेऊ नका: टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपोक्लोराइट कधीही एकत्र करू नका. दोन्ही 'क्लोरीन'च आहेत म्हणून एकाच बादलीत ओतली, किंवा एकीचा ओला मग दुसऱ्या डब्यात बुडवला, तर विषारी वायू, आग, स्फोट, काहीही होऊ शकतं. डबे वेगळे, मग वेगळा, ठेवायची जागा पण वेगळी. पीएच उतरवायला आणलेलं अ‍ॅसिड तर या सगळ्यांपासून लांब. अ‍ॅसिड आणि क्लोरीन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. केअरटेकर नवीन असेल तर त्याला हे मराठीत, हिंदीत, जी भाषा कळेल त्या भाषेत समजावून सांगा. लेबल इंग्रजीत असतं आणि हात त्याचे भाजतात.

साफसफाईच्या काळातली एक चाचणी मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. सूर्य मावळल्यावर मोकळा क्लोरीन मोजा. रात्री कुणी पोहायचं नाही, काही टाकायचं नाही. सकाळी ऊन पडायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नसतं, त्यामुळे घट झाली तर ती जंतू-शेवाळामुळेच. एक पीपीएमपेक्षा जास्त घटला तर पाण्यात अजून काहीतरी जिवंत आहे, मग ते डोळ्यांना दिसो न दिसो. भिंती घासा, फिल्टर चालू ठेवा, क्लोरीन त्याच उंच पातळीवर टिकवत राहा. रात्री घटत नाही पण दिवसा भराभर उडतो? मग स्टॅबिलायझर कमी आहे. एका रात्रीत दोन कारणं वेगळी होतात, शिवाय खर्च शून्य. या काळात पूलमध्ये कुणी उतरायचं नाही. आणि मोरचूद टाकून पाणी झटपट निळं करून देणाऱ्यापासून सावध राहा. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यात राहतं. फरशीवर डाग पडतात आणि पिकलेले केस हिरवट होतात.

स्टॅबिलायझरला लगेच विष समजू नका. आपत्तीच्या वेळी पिण्याचं पाणी शुद्ध करायला ज्या क्लोरीनच्या गोळ्या वाटतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच कुळातल्या असतात. धोका त्याच्यापासून नाही, त्याने क्लोरीनला निष्क्रिय केल्यावर जे जगतं त्याच्यापासून आहे. आणि एक जीव असा आहे जो नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातसुद्धा आठवड्याहून जास्त जगतो, क्रिप्टोस्पोरिडियम. जुलाब झालेल्या मुलाकडून पाण्यात येतो. स्टॅबिलायझर नसेल तर त्याला मारायला 20 पीपीएम क्लोरीन पावणेतेरा तास ठेवावा लागतो. 15 पीपीएमपर्यंत स्टॅबिलायझर असेल तर 28 तास. त्याहून जास्त असेल तर सीडीसी म्हणते, आधी पाणी बदलून स्टॅबिलायझर खाली आणा. म्हणून मुलाचं पोट बिघडलेलं असेल तर त्याला पूलमध्ये सोडू नका, कितीही रडलं तरी. त्याला बादलीत बसवा, पोरांना बादली पण चालते.

व्हिलावर जाणाऱ्यांसाठी: पोहोचल्यावर आधी खोल बाजूला उभे राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघा. दिसत नसेल तर कुणीच उतरायचं नाही. जंतूंचं सोडा, गढूळ पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही. भिंतीला हात लावा, बुळबुळीत आहे का? नाकाला झोंबणारा वास आहे का? केअरटेकरला विचारा, "स्टॅबिलायझर शेवटचा कधी मोजला?" बहुतेक ठिकाणी तो तुमच्याकडे बघतच राहील. आणि आपल्या बाजूने, डोक्याला खोबरेल तेल चोपडून उडी मारू नका. तेल, घाम, सनस्क्रीन, सगळं क्लोरीनच खातं. आधी शॉवर, मग पूल.

कुणाच्या घरी किंवा सोसायटीत पूल असेल तर तीन आकडे पाठवा: मोकळा क्लोरीन, स्टॅबिलायझर, पीएच. सोबत डब्याच्या मागच्या लेबलचा फोटो. पुढच्या एपिसोडमध्ये त्यांतल्या काहींचा हिशोब ऑन एअर करू.